छातीची चित्रं नेणारं कार्ड

मित्रांनो, तुम्ही संगणक पुष्कळ पाहिले असतील, पण त्याचं झाकण उघडून माझ्याकडे कुणी निरखून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्या एका कडेला सोनेरी दात, दुसऱ्या कडेला पत्र्याचा तुकडा आणि त्यात वायर खोचायचं चौकोनी भोक, एवढाच माझा देह. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलायचं असलं की तो माझ्यामार्फत बोलायचा. आता बोलत नाही. मोखाड्यातल्या एका दवाखान्यात, औषधांच्या कपाटाशेजारच्या खिडकीत मी पडून असतो. हातात काम नसलेल्याला बोलायला वेळच वेळ असतो, म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. गरम कथलाचा वास आठवतो, आणि मला तपासून माझ्या पाठीवर छोटासा कागद चिकटवणारे पांढऱ्या हातमोज्यातले हात आठवतात. मग मी खोक्यात बसलो, जहाजात बसलो, ट्रकात बसलो आणि नाशिकच्या एका दुकानातल्या फळीवर येऊन पडलो. तिथून एका सेवाभावी संस्थेच्या माणसाने मला विकत घेतलं. ती संस्था मोखाड्यात हा दवाखाना चालवते.

दवाखाना लहान आहे. त्यात छातीचे एक्स-रे काढायचं एक यंत्र आहे आणि ती फिल्म वाचून तिचं चित्र संगणकात उतरवणारं दुसरं यंत्र आहे. हे दुसरं यंत्र भलतंच हट्टी. त्याची ओळख फक्त या एका संगणकाशी. नवा संगणक आणला तर त्याच्याशी ते बोलायलाच तयार नसे. म्हणून जग कुठल्या कुठे गेलं तरी इथे हाच जुना संगणक राहिला, आणि त्याच्या पोटात मी राहिलो.

एक्स-रे काढायचं काम प्रमिलाताईंचं. चित्र पाहून रोग ओळखायचं काम डॉक्टर हर्षदा मॅडमचं, आणि त्या बसतात नाशिकला. या दोघींच्या मधला घाट चढायचं काम माझं. चित्र आलं की मी त्याचे बारीक बारीक तुकडे करायचो, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचो आणि एकेक तुकडा तारेतून सोडायचो. पलीकडे ते तुकडे पुन्हा जोडले जायचे. एखादा वाटेत हरवला तर तो पुन्हा पाठवायचो. कंटाळा हा शब्द माझ्या जातीला माहीतच नाही. थोड्या वेळाने मॅडमचं उत्तर यायचं, तेही मीच आत घ्यायचो.

माझ्यातून गेलेलं पहिलं चित्र प्रमिलाताईंच्या मुलीचं होतं. हर्षाली तेव्हा लहान होती. तापाने फणफणलेली, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ताईंनी तिचाच एक्स-रे काढला आणि माझ्या हवाली केला. मॅडमचं उत्तर आलं की न्यूमोनिया आहे, या या गोळ्या आणि हे इंजेक्शन ताबडतोब द्या. हर्षाली वाचली. तेव्हापासून ताई मला एक वस्तू म्हणून पाहीनाशा झाल्या. दर दसऱ्याला त्या संगणकाचं झाकण काढायच्या, मऊ फडक्याने माझ्यावरची धूळ टिपायच्या आणि माझ्या पत्र्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवायच्या. झेंडूची एक पाकळीसुद्धा ठेवायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आमच्यात कुंकू लागलेलं दुसरं कार्ड मला ठाऊक नाही.

एरवी वर्षभर मात्र माझ्याकडे ढुंकूनही कुणी पाहत नसे. पंख्यात धूळ साचायची. पावसाळ्यात सोनेरी दातांवर ओल चढायची. एकदा तर पालीने माझ्या पाठीमागे अंडी घातली. पण काम चाललं होतं, आणि ज्याचं काम चाललं आहे त्याची चौकशी कोण करतो?

मग गेल्या वर्षी दसरा झाला आणि परतीच्या पावसात डोंगरावर विजा कडाडायला लागल्या. त्यातली एक कुठेतरी जवळच पडली. तिचा झटका तारेतून सरळ माझ्या अंगात आला. एक काळा डाग तेवढा पडला, बाकी मी दिसायला होतो तसाच होतो. पण मित्रांनो, त्या दिवसापासून मी मेलो नाही आणि धड जगलोही नाही. चित्र घ्यायचो आणि अर्ध्यावर सोडून द्यायचो.

जव्हारहून उमेश आला. संगणक दुरुस्त करणारा हा तरुण, स्वभावाने शांत. त्याने नवीन कार्ड आणलं होतं. माझ्याच कारखान्याचं, माझ्याच घराण्यातलं, पण कितीतरी पिढ्या पुढचं. झाकण उघडून तो म्हणाला, "ताई, जुना काढून टाकतो."

"नको रे," ताई घाईने म्हणाल्या. "आत्ताच दसऱ्याला पूजा केलीय त्याची. पूजलेलं असं उठवत नाहीत. आणि हर्षालीच्या वेळी यानेच केलंय सगळं. बसू दे त्याला तिथंच. नवीन त्याच्या बाजूला बसव."

उमेशला त्यात काही वावगं वाटलं नाही. जव्हारच्या त्याच्या दुकानात त्याच्या वडिलांचं शिवणयंत्र कोपऱ्यात उभं आहे. वर्षानुवर्षं त्यावर टाका पडलेला नाही, पण दसऱ्याला हार त्यालाच पहिला. तो म्हणाला, "जागा तर हाय बाजूला. बसवतो." त्याने नवीन कार्ड माझ्या शेजारच्या खाचेत बसवलं, वायर माझ्यातून काढून त्याच्यात खोचली, आणि त्या दिवशी ते चाललंही. मी तसाच राहिलो. निवृत्त माणसाला ओसरीवर बसवतात तसं मला बसवलं, असं मला वाटलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दिवाळीची सुट्टी संपली. प्रमिलाताईंनी संगणक सुरू केला आणि तो गोठला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

असं का झालं ते सांगतो. संगणकाच्या आत एक कारभारी असतो. आमच्यापैकी कुणाकडे काम आलं की आम्ही घंटा वाजवायची, म्हणजे तो आमच्याकडे वळतो. जुन्या संगणकात या घंटा मोजक्याच असतात. सुट्टीनंतर सुरू होताना संगणकाने त्यांची नव्याने वाटणी केली आणि नव्या कार्डाच्या वाट्याला नेमकी माझीच घंटा आली. एका घंटेवर दोघं नांदले असते, पण मी विजेने भाजलेला. माझ्याकडे काम नसताना मी ती वाजवतच राहायचो. ते मला थांबवता येत नव्हतं. कारभारी दर वेळी वळून बघायचा, काही नाही म्हणून परतायचा, की पुन्हा घंटा. त्यात तो बिचारा गरगरून जायचा.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे आमचा दुभाषा. पाड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या बाईची बोली डॉक्टरांना कळत नाही, तेव्हा प्रमिलाताई मध्ये उभ्या राहून इकडचं तिकडे सांगतात, तसंच त्याचं काम. माझा दुभाषा जुना. शेजारी माझ्याच घराण्याचं कार्ड दिसलं की त्याला वाटायचं, हे तेच. तो त्याच्याशी माझ्या भाषेत बोलायला जायचा, आणि नव्याचा दुभाषा आधीच तिथे उभा असायचा. दोघांची झटापट व्हायची आणि सगळा कारभार ठप्प.

आणि नेमक्या त्याच दिवशी लहान्या आला.

लहान्या आणि त्याची बायको सकू डोंगरातल्या एका पाड्यावरचे. भात झोडून झालेलं, नाचणी घरात आलेली, आणि आता वीटभट्टीला निघायचं. मुकादमाचा ट्रक संध्याकाळी पाड्याखालच्या रस्त्यावर येणार होता. भट्टी भिवंडीच्या बाजूला. एकदा गेलं की परत यायचं ते पुढचा पावसाळा तोंडावर आल्यावर. लहान्याला पावसाळ्यापासून खोकला होता. थुंकीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं, पण वजन उतरत चाललं होतं. सकूने हट्टच धरला होता की छातीचा फोटो काढल्याशिवाय ट्रकात पाय ठेवायचा नाही. म्हणून दोघं सकाळच्या जीपने मोखाड्याला आली होती. दुपारची जीप पकडून त्यांना परत जायचं होतं.

प्रमिलाताईंनी एक्स-रे काढला. पण फिल्म वाचायची कशात? संगणक गोठलेला. त्यांनी उमेशला फोन करून बोलावून घेतलं आणि तो येईपर्यंत फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलने तिचा फोटो काढला. टेकाडावर रेंज मिळते तिथे जाऊन तो मॅडमना पाठवला. मॅडमचा लगेच फोन आला. आत आल्यावर ताईंनी त्यांचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं. वरच्या बाजूला काहीतरी दिसतंय, पण तो रोगाचा डाग की काचेवरची सावली हे अशा फोटोवरून सांगता येणार नाही. मूळ चित्र पाठवा, त्याशिवाय क्षयाची औषधं सुरू करणं बरोबर नाही.

"जव्हारला जाता का दादा? तिथं दाखवू," ताईंनी विचारलं.

"जव्हारला जायाचा न नंबर लावायचा, तवर ट्रक निघून जाईल, ताय," लहान्या म्हणाला. "दुपारपर्यंत काय ते सांगा. नाय तर मी जातो. भट्टी उरकली का मंग बघू."

भट्टीवर खोकत गेलेली आणि परत न आलेली माणसं ताईंच्या ओळखीची होती. विटांची धूळ, कोळशाचा धूर, ताडपत्रीच्या झोपडीत सगळं कुटुंब एकत्र. औषधं सुरू न होता लहान्या ट्रकात चढला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही कळत होतं. इतकी वर्षं छात्यांचीच तर चित्रं नेली होती मी.

उमेश आला आणि कामाला लागला. संगणक गोठण्याआधी थोडा वेळ मिळायचा, तेवढ्यात त्याने संगणकाला जोडलेल्या वस्तूंची यादी उघडून पाहिली. आमच्या दोघांच्या नावांपुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. त्याने नव्या कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. गोठलं. मग त्याने माझा ड्रायव्हर पुसून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला. संगणकाने सुरू होताच मला ओळखलं, नवीन वस्तू सापडली असं जाहीर केलं आणि स्वतःच्या साठ्यातून माझा जुना दुभाषा काढून पुन्हा उभा केला. मला पुसलं तरी तो मला विसरत नव्हता. एरवी या गोष्टीने माझा ऊर भरून आला असता, पण त्या दिवशी मला तिची भीती वाटली.

उमेशने मला नुसतं बंद करून ठेवायचं ठरवलं. यादीत माझ्या नावावर काट मारली. त्याने दुभाषा गप्प बसला, पण माझी भाजलेली घंटा कोण बंद करणार? गोठलं. खाचा बदलाव्यात तर तिसरी खाच फिल्मवाल्या हट्टी यंत्राने धरलेली. त्याला हलवलं तर चित्रच मिळणार नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, हा आत असेपर्यंत चालणार नाही. याला काढायलाच लागेल."

"दुसरं काहीतरी बघ ना रे."

"बघितलं सगळं."

"मी त्याला कुंकू लावलंय, उमेश. माझी पोर याच्यामुळं हाय." ताई म्हणाल्या. "आज लहान्यादादाचं काम त्याच्यासमोर आलंय, आणि आजच त्याला उपटून टाकू? नीट होईल का मग ते?"

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, मित्रांनो. ज्याने आपलं काम केलं त्याची जागा हलवायची नाही, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. आणि त्यांची माझ्यावर माया होती. आत बसून मी सगळं ऐकत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काढा मला, पण माझ्याकडे वाजवायला ती एक घंटाच होती.

लहान्या बाकावर बसून ऐकत होता. खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "ताय, एक सांगू? आमचे घराण्यात भीमाचा सोंग हाय."

बोहाड्याबद्दल तो बोलत होता. हा आमच्या भागातला मुखवट्यांचा उत्सव. देवांची, राक्षसांची, वीरांची सोंगं एकामागून एक नाचत येतात, आणि त्याच्या गावात कुठलं सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचं हे पूर्वापार ठरलेलं असतं.

"आजा नाचवायचा, मंग बाप, मंग मी," लहान्या सांगत होता. "औंदा मुखवटा बांधला न दोन फेऱ्यांत दम गेला. पाय उचलंना. पुतण्या बाजूला उभा होता. आता एक सोंग दोघं कसा नाचवतील? मी अडून बसलो असतो तर सोंग तिथंच थांबला असता, न त्याच्या मागची सगळी सोंगा थांबली असती. मीच माझ्या हातानं मुखवटा सोडला न पोऱ्याच्या तोंडाला बांधला. देव नाय कोपला. मला बाजूला बसवला, पाणी दिला. मी तिथून बघला."

"लई रडला पण," सकू म्हणाली.

"रडलो. का नाय रडणार? पण सोंग थांबला नाय."

मग प्रमिलाताईंनी विचारलं, "वीज बंद केलीस का रे उमेश?"

"केली."

"सर बाजूला. मी काढते."

त्यांनी माझा स्क्रू सोडवला. दोन्ही बाजूंनी हळूच धरून मला हलवलं. इतकी वर्षं त्या खाचेत रुतून बसलेले माझे दात सहज सुटेनात. "उठ रे बाबा," त्या माझ्याशी बोलत होत्या. "माझ्या पोरीचं काम तू केलंस. या दादाचं आता नव्याला करू दे." आणि मी सुटलो. मला वाईट वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? आपल्यावाचून काम चालणार आहे हे कळणं सोपं नसतं.

त्यांनी मला टेबलावर, रुमालावर ठेवलं. उमेशने संगणक सुरू केला. या वेळी बाण हलला. नव्या कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ताईंनी फिल्म यंत्रात सरकवली आणि चित्र निघालं. घाट चढून ते नाशिकला पोचलं. माझ्याहून कितीतरी वेगाने, हेही सांगून टाकतो.

त्या वाट पाहण्याच्या वेळात मी समोर बघितलं. बाकावर एक माणूस बसला होता. गालांची हाडं वर आलेली, डोळे खोल, हात गुडघ्यांवर. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक बाई बसली होती आणि तिची नजर पडद्यावर खिळलेली होती. हजारो छात्या माझ्यातून गेल्या होत्या. त्यातल्या एकाही छातीवरचा चेहरा मी तोवर पाहिलेला नव्हता. डब्याच्या आत मला फक्त तुकडे आणि क्रमांक कळायचे. माणूस असा दिसतो, वाट बघताना असा बसतो, हे मला कामावरून उतरल्यावर कळलं.

मॅडमचं उत्तर आलं. ताईंनी मोठ्याने वाचलं. डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला क्षयाचा डाग स्पष्ट आहे. औषधं आजच सुरू करा. वेळेवर आलेत, नेमाने घेतली तर पूर्ण बरे होतील.

"मंग ट्रक जाऊ दे," सकू म्हणाली.

"खाणार काय मंग?" लहान्याने विचारलं.

"नाचणी हाय. मी कामाला जाईन. तू खोकायचा तेवढा घरात खोक." असं म्हणून ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसायला लागली. त्या संध्याकाळी ट्रक त्यांच्याशिवाय गेला.

मला भंगारात टाकायला ताईंचा हात धजावला नाही. म्हणून मी या खिडकीत आहे. उमेश म्हणतो की पुढेमागे असल्या वस्तू नीट मोडून त्यातला धातू वेगळा करणाऱ्यांकडे तो मला पोचवील. मी तयार आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात एखादं जुनं यंत्र राबत असेल तर अधूनमधून त्याची धूळ पुसा, ओल लागू देऊ नका, विजा चमकायला लागल्या की त्याची वायर काढून ठेवा. ते थकलं की त्याला ओढ्यात फेकू नका, उकिरड्यावर जाळू नका. पण त्याच्यावर माया आहे म्हणून त्याला अशा जागी बसवूनही ठेवू नका की पुढच्याचं काम अडेल. आमच्यासाठी कुणाचा श्वास अडकून राहावा, असं आम्हाला कधीच वाटत नाही. काढायची वेळ आली की आपल्या हाताने काढा आणि दोन शब्द बोला. आम्हाला तेवढं पुरतं.

उन्हाळा संपता संपता लहान्या शेवटच्या तपासणीला आला. सकू बरोबर होती. एस. टी. स्टँडपासूनचा चढ चढून आला, तरी त्याला धाप लागली नव्हती. ताईंनी पुन्हा एक्स-रे काढला, नव्या कार्डाने चित्र नेलं आणि थोड्या वेळाने उत्तर आणलं. छाती स्वच्छ आहे, ताईंनी वाचलं. सगळे पडद्यावरचं चित्र बघायला पुढे झाले. मी मात्र खिडकीतून लहान्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.